ऐकणारं अंतःकरण: आनंद आणि शहाणपण यांची रोजची मशागत

इस्राएलाचा राजा शलमोन याला गिबोन गावी रात्री स्वप्नात देवाने विचारलं, काय हवं ते माग. त्याने दीर्घायुष्य मागितलं नाही, पैसा नाही, शत्रूंचा जीवही नाही. मूळ हिब्रूत त्याने मागितलेली गोष्ट आहे 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारं अंतःकरण (१ राजे ३:९). आपण मराठीत डोकं एकीकडे ठेवतो आणि काळीज दुसरीकडे. हिब्रूतल्या 'लेव'मध्ये दोन्ही एकाच घरात राहतात. विचार करणं, ठरवणं, आठवणं, हसणं, कुढणं, सगळं तिथेच चालतं. म्हणून नीतिसूत्रे १७:२२ ज्या आनंदी अंतःकरणाला औषध म्हणतं आणि स्तोत्र ९०:१२ दिवस मोजायला शिकून जे सुज्ञ अंतःकरण मागतं, ते एकच आहे. आनंदासाठी वेगळा खटाटोप आणि शहाणपणासाठी वेगळा, असं करायची गरज नाही. ऐकायची सवय लावली की दोन्ही त्याच मातीत उगवतात.

हाच शलमोन म्हातारपणी भरकटला, हेही त्याच पुस्तकात लिहून ठेवलं आहे (१ राजे ११:४). शहाणपणाची एफडी करता येत नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम रोजचा आहे, आणि मुद्दाम छोटा ठेवला आहे.

काय लागेल

एक छापील पवित्र शास्त्र, शंभर पानी वही, पेन आणि पंचवीस मिनिटं. भाषांतर कोणतंही चालेल. पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर आवडत असेल तर ते, नाहीतर सोप्या मराठीतलं. पहिल्या महिन्यात मात्र बदलू नका, कारण तेच शब्द पुन्हा भेटले तरच मनात रुजतात. कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये ६६ ऐवजी ७३ पुस्तकं असतात. त्यातला सीराखचा ग्रंथ या कामासाठी फार उपयोगी आहे, पण तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्या.

मोबाइलवरचं ॲप वाईट नाही. अडचण एवढीच, की वचन उघडायच्या आधी नोटिफिकेशन दिसतं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

नागपुरात वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि सात वाजताच भिंती तापायला लागतात. तेव्हा सव्वापाचला गच्चीवर बसा. घरात बसायचं असेल तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवा, नाहीतर त्या घरघरीत स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही आणि मोठ्याने वाचायचा पुढचा सगळा क्रम बिघडतो. डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला चादर गुंडाळून बसलं तरी चालतं. वेळ बदला, जागा बदलू नका.

सकाळची पंचवीस मिनिटं

पहिली दोन मिनिटं काही न बोलता बसा. मन पळेल, पळू द्या. मनात आलेलं काम वहीच्या शेवटच्या पानावर एका शब्दात टिपून ठेवा (गॅस, फी, आईची गोळी) म्हणजे ते परत परत येऊन टोचत नाही.

पुढची चार मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्याने याचा अर्थ स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतकं. स्तोत्रं गाण्यासाठी आणि एकत्र म्हणण्यासाठी रचलेली आहेत. नुसत्या डोळ्यांनी वाचली तर निम्मी हातात येतात.

नंतर सात मिनिटं नीतिसूत्रे. एकतीस अध्याय आहेत, म्हणून आजच्या तारखेचा अध्याय. चार तारखेला चौथा, सतरा तारखेला सतरावा. हे जुनं आणि पक्कं तंत्र आहे. खुणेची फीत हरवली तरी फरक पडत नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. अध्याय १ ते ९ ही सलग भाषणं आहेत, बाप लेकराला समजावतो तशी, म्हणून पहिल्या नऊ तारखांना पूर्ण अध्याय एका दमात वाचा. दहापासून दोन-दोन ओळींची सुटी वचनं सुरू होतात. तिथे पूर्ण अध्याय सलग वाचला तर फुटाण्यांची मूठ तोंडात कोंबल्यासारखं होतं, एकाचीही चव लागत नाही. अध्यायावर नजर टाका आणि एकच ओळ निवडा. शक्यतो जी आज अंगाला चिकटते ती, आवडते ती नव्हे.

पाच मिनिटं लिहा. तारीख, निवडलेली ओळ आपल्या शब्दांत, आणि खाली एक वाक्य: ही ओळ आज कोणाशी बोलताना किंवा कोणतं काम करताना लागेल? 'मी नम्र राहीन' असं लिहू नका, त्याने काही घडत नाही. 'दुपारी हिशेब दाखवताना चूक माझी असेल तर आधीच सांगेन' असं लिहा.

उरलेली सात मिनिटं प्रार्थना. त्यातली पहिली तीन आभाराला द्या, आणि आभार नावानिशी माना. 'प्रभू, सगळ्यासाठी आभार' ही प्रार्थना चुकीची नाही, पण मनाला तिच्यातून काही दिसत नाही. काल शेजारच्या काकूंनी पाठवलेली भाजी, पोराचा उतरलेला ताप, वेळेवर मिळालेली मेट्रो, अशा तीन गोष्टी. रोज वेगळ्या, महिनाभर एकही परत नाही. आठव्या-नवव्या दिवशी गोष्टी संपल्यासारख्या वाटतात, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं, कारण आता दिवसभर शोधत फिरावं लागतं. फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मध्ये प्रेषित पौल विनंतीबरोबर आभार जोडायला सांगतो, आणि हे तो तुरुंगातून लिहितो. त्याच अध्यायात पुढे (४:११) तो म्हणतो की समाधानी राहायला मी शिकलो. त्यालाही ते शिकावं लागलं. चार अध्यायांचं हे पत्र महिन्यातून एका रविवारी सलग वाचा, पंधरा मिनिटं पुरतात.

मग बुद्धी मागा. याकोब १:५ सांगतं की मागणाऱ्याला देव बोल न लावता देतो. कोणत्या बाबतीत हवी आहे ते नेमकं सांगा.

दिवस चुकला तर

चुकणारच. लग्नसराईत, परीक्षेच्या दिवसांत, घरात आजारपण असलं की हमखास. मागचे चार अध्याय भरून काढायला बसू नका. बहुतेक लोक इथेच सोडतात: थकबाकी वाढते, लाज वाटते, वही कपाटात जाते. आजची तारीख पाहा आणि आजचाच अध्याय उघडा. चुकलेला पुढच्या महिन्यात त्याच तारखेला परत येतोच.

उत्साही माणसांची अडचण उलटी असते. महिन्यात दीडशे स्तोत्रं पूर्ण करायची म्हणून काही जण रोज पाच वाचतात: तारखेचं, मग तीस-तीस मिळवत पुढची चार. तीन तारखेला ३, ३३, ६३, ९३, १२३. पद्धत चांगली आहे, पण एकोणतीस तारखेला ११९ वं येतं. त्यात १७६ ओव्या आहेत. त्या दिवशी पंचवीस मिनिटांत काहीच बसत नाही. हिब्रूतल्या बावीस अक्षरांप्रमाणे त्याचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग आहेत. ते वेगळं काढून रोज एक भाग घ्या. आणि सुरुवातीचे तीन महिने पाच वाचूच नका, एकच बरं.

आनंद नाही, त्या दिवशी काय करायचं

मंडळीत (चर्चमध्ये) एक गैरसमज पक्का बसला आहे: विश्वासणाऱ्याचा चेहरा नेहमी हसरा असावा. त्यामुळे लोक दारात 'सलाम, सगळं छान' म्हणतात आणि घरी जाऊन रडतात. स्तोत्रसंहिता असं काही मागत नाही. तिचा मोठा हिस्सा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी समजुतीची एकही ओळ नाही. तेही पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही.

अशा दिवशी तेरावं स्तोत्र घ्या. सहाच ओव्या आहेत आणि त्यात पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार, थेट देवाच्या तोंडावर: किती काळ? तिसऱ्या-चौथ्यात मागणं. शेवटच्या दोनांत विश्वास आणि गाणं. वहीत तीन चौकोन आखा. पहिल्यात तक्रार लिहा, जशी आहे तशी, साबण न लावता. दुसऱ्यात मागणं, एकच. तिसरा चौकोन आज रिकामा राहिला तर राहू द्या, तारीख टाकून ठेवा. तो जबरदस्तीने भरला की मन खोटं बोलायला शिकतं, आणि मग पहिल्या चौकोनातलंही खरं राहत नाही. पुढच्या आठवड्यात परत उघडा.

४२ आणि ४३ या जोडस्तोत्रात कवी स्वतःच्या जिवालाच तीनदा विचारतो, तू का खचलास? मन बडबडत असतं तेव्हा आपण नुसतं ऐकत बसतो. इथे तो मनाला उलट प्रश्न विचारतो. मोठ्याने म्हणून पाहा.

एलीयाची गोष्टही लक्षात ठेवा (१ राजे १९). झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणजे अंतःकरण कोरडं वाटतं तेव्हा आधी पाहा की झोप किती झाली आणि जेवण वेळेवर झालं का. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, कामात जीव लागेना, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर उद्याची वाट न पाहता आत्ताच फोन लावा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कोणी पाळक किंवा वडीलधारे म्हणाले तर त्यांना एलीयाचा हाच अध्याय वाचायला द्या.

शहाणपणाची परीक्षा: जीभ

शहाणपण वहीत मोजता येत नाही, ते बोलण्यात दिसतं. याकोब १:१९ ने क्रम लावून दिला आहे: ऐकायला चपळ, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. नीतिसूत्रे १८:१३ म्हणतं, ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा, आणि त्याच अध्यायात चारच ओव्यांनी पुढे: पहिल्याने बाजू मांडली की तोच खरा वाटतो, दुसरा येऊन विचारपूस करेपर्यंत. मंडळीच्या कमिटीत, भावाभावांच्या वाटणीत, सुनेच्या तक्रारीत, ही दोन वचनं पाळली तर निम्मी भांडणं उभीच राहणार नाहीत.

आठवडाभर एवढंच करा. समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास घ्या, त्याने काय म्हटलं ते आपल्या शब्दांत सांगा, 'असंच ना?' विचारा, मग आपलं मत मांडा. पहिले दोन दिवस घरचे हसतील. रागात लिहिलेला व्हॉट्सॲप मेसेज रात्रभर ठेवा आणि सकाळच्या पंचवीस मिनिटांनंतर वाचून पाहा. बहुतेक वेळा तो पाठवावासा वाटत नाही.

आता नीतिसूत्रे २६:४ आणि २६:५ शेजारी ठेवून वाचा. एक म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच पुढचं म्हणतं, दे. संपादकाची डुलकी नाही ही. दोन्ही खरी आहेत, कोणतं कधी लागू हे ओळखणं तुमच्यावर सोपवलं आहे. म्हणूनच नीतिसूत्रांना हमीपत्र समजू नका. २२:६ मध्ये मुलाला योग्य वळण लावण्याबद्दल लिहिलं आहे, ते वाचून वाट चुकलेल्या पोराचे आईबाप वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहतात. सर्वसाधारणपणे जग असं चालतं, एवढंच ते वचन सांगतं. नियम मोडतो तेव्हा काय, याचं उत्तर ईयोब आणि उपदेशक या पुस्तकांत शोधायचं. उपदेशकाचे बाराच अध्याय आहेत, दुसऱ्या महिन्यात शनिवार-रविवारी घ्या.

मोठा निर्णय असेल, नोकरी, सोयरीक, कर्ज, तर डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवायची सवय सोडा. त्यात देवाचं कमी आणि पुस्तकाच्या बांधणीचं जास्त चालतं, जिथे जास्त उघडलं जातं तिथेच ते परत उघडतं. नीतिसूत्रे १५:२२ सल्लागार अनेक असावेत म्हणतं. तीन माणसं निवडा: वयाने मोठं एक, त्या विषयातलं जाणकार एक, आणि तुम्हाला न घाबरणारं एक. तिघांना वेगवेगळं भेटा आणि पहिल्याचं मत दुसऱ्याला सांगू नका. मग याकोब ३:१७ उघडा. वरून येणाऱ्या ज्ञानाच्या खुणा तिथे दिल्या आहेत: शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घ्यायला तयार, दयेने भरलेलं, निष्पक्ष, ढोंग नसलेलं. तुमचा निर्णय एकेका खुणेवर घासून बघा.

संध्याकाळी दहा मिनिटं

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आखून दिलेलं आत्मपरीक्षण कॅथलिकांना ओळखीचं आहे. इतरांनीही बिनधास्त घ्यावं. देवाच्या समोर बसा, आभार माना, मग दिवस सकाळपासून सिनेमासारखा डोळ्यांपुढून जाऊ द्या. जीव कुठे मोकळा झाला, कुठे आवळला? चूक दिसली तर एका वाक्यात कबूल करा, उद्यासाठी मदत मागा, संपलं. यात बिघडतं ते असं की लोक चुकाच मोजत बसतात आणि रोज रात्री स्वतःवर खटला भरतात. आभार आधी आहेत ते उगाच नाही, क्रम उलटा करू नका. कोणाशी बिनसलं असेल तर सूर्यास्ताचा नियम पाळा (इफिसकरांस ४:२६). निदान 'उद्या बोलू या, राग नाही' एवढा निरोप तरी जाऊ द्या.

उपास, आणि संत्र्याची बाग

काटोल-वरुडकडच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावरची फुलं) घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. ताणाशिवाय फूल येत नाही, आणि ताण जास्त झाला तर झाड वाळतं. भारी काळ्या जमिनीत तो जास्त दिवस द्यावा लागतो, हलक्या जमिनीत कमी. उपासाचंही तसंच आहे. आठवड्यात एक जेवण सोडा, शुक्रवारी दुपारचं, आणि तो अर्धा तास प्रार्थनेला द्या. पाणी सोडू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. मधुमेह, गरोदरपण, चालू औषधं असतील तर जेवणाऐवजी फोन किंवा चहा सोडा. मत्तय ६:१६-१८ प्रमाणे तोंड धुऊन, केस विंचरून, कोणाला न सांगता. यशया ५८ सांगतं की उपासाची भाकर भुकेल्याच्या ताटात गेली पाहिजे. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक चटया टाकून राहतात. सोडलेल्या जेवणाचा डबा त्यांच्यापर्यंत पोचवा. तिथे वीस मिनिटं बसा, विचारलं तरच बोला, आणि न विचारता प्रार्थना सुरू करू नका. आनंद एकट्याने खायची वस्तू नाही. अनुवाद १६ मध्ये सणाच्या पंगतीत विधवा, पोरका आणि परका यांची नावं यादीत घालून ठेवली आहेत.

गाणं

कोरडेपणावर सर्वात लवकर उतारा पडतो तो गाण्याने, आणि मराठी ख्रिस्ती घरात त्याचा तुटवडा नाही. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने (मत्तय ५ ते ७) त्यांना धरलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ताची भजनं लिहिली. आठवड्याला एकच भजन घ्या, सगळी कडवी पाठ करा, भांडी घासताना म्हणा. सूर लागत नसेल तरी घरात गा, उपासनेची वाट बघू नका.

ऐकण्याच्या बाबतीत नागपूरचंच एक उदाहरण. १८४५ साली इथे आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप सुवार्तेबरोबर आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करत, आणि गोंड लोकांची गाणी ऐकून लिहून घेत. १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही शहरात आहे. स्तोत्र १११:२ म्हणतं, देवाची कृत्यं आवडणारे ती शोधून पाहतात. रविवारी उपासनेनंतर अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकाठी अर्धा तास हेडफोन न लावता चाला आणि पाहिलेली एक गोष्ट वहीत टिपा.

वहीबद्दल शेवटचं. प्रत्येक तारखेला पानाचा वरचाच अर्धा भाग वापरा, खालचा कोरा सोडा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला तोच अध्याय येईल तेव्हा वेगळ्या शाईने खाली लिहा, पण वरचं वाचायचं ते आपलं लिहून झाल्यावर.